कोंबडी अंडे घातल्यावर का ओरडते, आणि धुळीत का लोळते?

शहरातल्या दुकानांत गेल्या काही वर्षांपासून अंड्यांच्या खोक्यांवर ‘फ्री रेंज’, ‘केज फ्री’, ‘गावरान’ असे शब्द दिसू लागले आहेत, आणि अशा अंड्यांची किंमतही जास्त असते. घेणाऱ्याला वाटते की हा सगळा फरक चवीचा किंवा पौष्टिकपणाचा असावा. मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे. कोंबडीला दिवसभर जे करावेसे वाटते ते करायला तिला जागा मिळते की नाही, यावरून हे शब्द जन्माला आले आहेत. तेव्हा मोकळी कोंबडी दिवसभर करते तरी काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. या लेखात मी तिला ‘मोकाट कोंबडी’ म्हणणार आहे, म्हणजे रात्री खुराड्यात किंवा झाडावर बसणारी, पण दिवसा अंगण, गोठा, उकिरडा आणि शेताचा बांध यांवर आपल्या मर्जीने फिरणारी कोंबडी.

साताऱ्याकडे माझ्या आत्याच्या शेतावर अशा चौदा कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. सुट्टीत तिथे आलेली शहरातली मुले टीव्हीकडे ढुंकूनही पाहत नाहीत, पायरीवर बसून कोंबड्याच पाहत राहतात आणि पोट धरून हसतात. एक कोंबडी गांडूळ चोचीत धरून पळते आणि बाकीच्या सात तिच्या मागे धावतात. दुसरी उन्हात पंख पसरून अशी आडवी पडते की ती मेली असे समजून एखादे मूल रडत आत येते. तिसरी बाकी सगळी जागा सोडून स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या पेटीतच अंडे घालण्याचा हट्ट धरते. मुले प्रत्येक वेळी विचारतात, ‘ही असे का करते?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा खरे उत्तर असते, आणि मला ते उत्तर त्या गमतीपेक्षाही अधिक आवडते.

अंगणात आलेले रान

आपली कोंबडी ही दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्याची वंशज आहे. बांबूची बेटे, पानगळीची जंगले, खाली साचलेला पालापाचोळा आणि वरून घिरट्या घालणारे शिकारी पक्षी हे तिच्या पूर्वजांचे जग होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची आजवर सापडलेली सर्वांत जुनी खात्रीची हाडे मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची असून, त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० हा आहे. भाताची शेती पसरली, धान्याची साठवण होऊ लागली आणि सांडलेल्या दाण्यांसाठी हे पक्षी झाडीतून खाली आले, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे कोंबडी आपल्या खळ्यावर आली ती मुख्यतः आपल्या पायांनी.

या कुळकथेत सह्याद्रीचाही वाटा आहे. आपल्या घाटात राखी रंगाचा रानकोंबडा आढळतो, आणि पहाटे त्याची तुटक बांग दरीत घुमते. पाळीव कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, तो जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून या राखी रानकोंबड्याशी झालेल्या संकरातून आला, असे २००८ साली दाखवले गेले. अंगणातली कोंबडी पिवळ्या पायांनी उकिरडा उकरते तेव्हा तिच्या पायांत या भागातल्या रानाचाही अंश असतो.

साडेतीन हजार वर्षांत माणसाने कोंबडीचे आकारमान, पिसांचा रंग आणि अंड्यांची संख्या पुष्कळ बदलली. रानकोंबडी वर्षाला जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते, साधी गावरान साठ-सत्तर, आणि व्यापारी जातीची लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेली कोंबडी, तीनशेच्या वर. वागणूक मात्र फारशी बदलली नाही. जंगलात ज्या सवयींनी जीव वाचत होता आणि पोट भरत होते, त्या सवयी आजही जशाच्या तशा तिच्या अंगात आहेत, फक्त आता त्यांच्याभोवती जंगल नाही. आपल्याला येणारे हसू बहुतेक वेळा या विसंगतीतून येते.

मानाचे पान कोणाचे?

सकाळी खुराड्याचे दार उघडून ज्वारीची मूठ फेकली की एक ठरलेले दृश्य दिसते. तुऱ्याची, थोराड, तांबूस कोंबडी आधी येते. तिच्याजवळ दुसरी आली तर ती नुसती मान उंचावून पाहते आणि दुसरी मागे सरते. ही दुसरी तिसरीच्या डोक्यावर टोच मारते, आणि एक बारकी, मान आखडलेली कोंबडी कडेकडेने फिरत राहते व सगळ्यांचे लक्ष नसताना दोन दाणे उचलून पळते.

या व्यवस्थेचा पहिला शास्त्रीय अभ्यास थोर्लेइफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने केला. तो लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून कोण कोणाला टोचते याच्या नोंदी ठेवत असे, आणि १९२२ साली त्याने त्यांवर आधारित लेख प्रसिद्ध केला. प्रत्येक दोन कोंबड्यांमध्ये वरची कोण आणि खालची कोण हे ठरलेले असते, हे त्याने दाखवले. आपण या रचनेला मानक्रम म्हणू. पोळ्याला वेशीतून कोणाचे बैल आधी जाणार हे गावात पिढ्यानपिढ्या ठरलेले असते आणि त्यामुळे दरवर्षी नव्याने भांडण करावे लागत नाही, तसेच हे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मानक्रम म्हणजे सततची दादागिरी वाटते, पण त्याचा उपयोग नेमका उलटा आहे. एकदा क्रम ठरला की रक्त निघेपर्यंत भांडायची गरज उरत नाही, नुसत्या नजरेवर काम भागते.

म्हणूनच बाजारातून आणलेली नवी कोंबडी कळपात सोडली की पहिले काही दिवस धुमश्चक्री चालते, कारण तिला प्रत्येकीशी आपले नाते नव्याने ठरवावे लागते. क्रम नेहमी सरळ शिडीसारखाही नसतो. पहिली दुसरीला दबवते, दुसरी तिसरीला, आणि ती तिसरी मात्र पहिलीलाच पळवून लावते, असे त्रिकोणही असतात, आणि ते श्येल्डरुप-एब्बेच्याही नजरेतून सुटले नव्हते. आत्याच्या कळपातली ती तांबूस कोंबडी पिसे झडायच्या दिवसांत अगदी ओशाळवाणी दिसू लागली, तिचा तुरा फिका आणि लहान झाला, आणि पंधरा दिवसांत तिचे मानाचे पान दुसरीकडे गेले. नवी पिसे आल्यावर तिने ते परत मिळवले, पण त्यासाठी तिला दोनदा झुंजावे लागले.

समोर दाणे असताना उकरायचे कशाला?

दोन्ही पायांनी आळीपाळीने माती मागे फेकायची, एक पाऊल मागे सरायचे, मान वाकडी करून एका डोळ्याने पाहायचे आणि मग टोच मारायची, हा कोंबडीचा दिवसभराचा उद्योग आहे. ताटलीत दाणे भरून ठेवले तरी ती ताटलीतच उभी राहून दाणे उकरते आणि निम्मे बाहेर उडवते. याला आपण वेडेपणा म्हणतो. परंतु प्रयोगांत असे दिसून आले आहे की सहज खाता येईल असे अन्न शेजारी ठेवलेले असतानाही कोंबड्या थोडे कष्ट करून मिळणारे अन्न पुन्हा पुन्हा शोधायला जातात. जंगलात आजचा ओढा उद्या आटतो, आजचे वारूळ उद्या रिकामे होते. त्यामुळे पोट भरलेले असतानाही आजूबाजूला काय कुठे आहे याचा माग ठेवणाऱ्या पक्ष्याचा निभाव लागतो. तयार जेवण घरी असताना आपण बाजारात भाजी पाहत हिंडतो, त्यासारखे हे आहे. मोकळ्या वातावरणात राहणाऱ्या तांबड्या रानकोंबड्या, त्यांना रोज आयते खाणे मिळत असूनही, जागेपणीचा अर्ध्याहून अधिक वेळ जमीन टोचण्यात घालवतात.

चालताना मान पुढे-मागे होते त्याचेही कारण साधे आहे. एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे कधी बघावे. त्याची बुबुळे एका झाडावर क्षणभर खिळतात, मग झटक्याने पुढच्या झाडावर जातात, म्हणून त्याला चित्र स्थिर दिसते. कोंबडीची बुबुळे खोबणीत फारशी फिरत नाहीत, त्यामुळे हे काम तिला मानेने करावे लागते. ती डोके पुढे नेते, ते हवेत एका जागी रोखून धरते, आणि तेवढ्यात शरीर मागून येते. कबुतरांचीही चाल अशीच असते. १९७८ साली कॅनडात बॅरी फ्रॉस्ट या संशोधकाने कबुतराला फिरत्या पट्ट्यावर चालवले. पाय चालत होते, पण भोवतालचे दृश्य सरकत नव्हते, आणि त्याचे मान हलवणे थांबले.

गांडूळ घेऊन पळण्याची जी शर्यत मुलांना सर्वाधिक आवडते, ती अगदी लहान पिलांतही दिसते. दाणा जागच्या जागी गिळता येतो, पण लांब वळवळणारा घास गिळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरी तो ओढून नेऊ शकते. म्हणून घास मोठा दिसला की पाय आधी पळतात. गंमत अशी की ती गुपचूप बाजूला सरली असती तर कोणाला कळलेही नसते, पण तिच्या पळण्यानेच सगळ्यांना वार्ता पोहोचते. मी एकदा एक गांडूळ सहा चोचींतून फिरलेले मोजले. खाल्ले ते सातवीने.

राखेने भांडे घासावे तशी आंघोळ

दुपारच्या सुमारास गोठ्याच्या भिंतीलगतच्या कोरड्या मातीत तीन-चार कोंबड्या खड्डे करून बसतात. चोचीने माती अंगाकडे ओढतात, पंखांनी ती पिसांत उडवतात, एका कुशीवर पडून पाय झाडतात, डोळे अर्धवट मिटतात, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठून असे अंग झटकतात की धुळीचा लोट उठतो. अनेकांना वाटते की कोंबडीला फेफरे आले.

कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. त्यातले तेल ती चोचीने पिसांना लावते, त्यामुळे पिसे मऊ आणि पाणी न धरणारी राहतात. पण तेल जुने झाले की पिसे चिकट होतात आणि त्यांत उवा-पिसवांना थारा मिळतो. कोरडी माती हे जुने तेल शोषून घेते आणि कीटकांना पिसांबाहेर काढते. आपल्या आया तेलकट भांडे पाण्याने न घासता आधी राखेने घासत असत, त्याच तत्त्वावर ही आंघोळ चालते. नंतर उन्हात पंख पसरून पडणे हा त्याच निगराणीचा पुढचा भाग मानला जातो.

या ठिकाणी मला थोडे थांबून एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. जन्मापासून तारेच्या पिंजऱ्यात वाढलेली आणि माती कधीच न पाहिलेली कोंबडीसुद्धा तारेवर बसून हीच आंघोळ करते. ती नसलेली माती चोचीने ओढते, नसलेल्या धुळीत पंख फडफडवते, कुशीवर वळते. ही ऊर्मी माती पाहून जागी होते असे नाही, ती तिच्या आतच असते. अशा पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा साधारणपणे लिहायच्या ए-फोर कागदापेक्षाही कमी असते, आणि त्यात पंख पुरते पसरता येत नाहीत. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून अशा साध्या पिंजऱ्यांवर बंदी आणली, आणि आपल्याकडे विधी आयोगाने जुलै २०१७ मधल्या आपल्या २६९व्या अहवालात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या पालनाचा प्रश्न सविस्तर मांडला. ‘केज फ्री’ हा खोक्यावरचा शब्द या वादातून आला आहे. त्याचा अर्थ पिंजरा नाही एवढाच, कोंबडी बाहेर मोकळी फिरते असा नव्हे. बाहेर जायला वाट आहे असा दावा ‘फ्री रेंज’ या शब्दात असतो.

कोंबड्याचे बोलणे

आत्याचा मोठा कोंबडा किडा दिसला की तो खात नाही. ‘टुक-टुक-टुक’ असा वेगवान आवाज काढतो, किडा उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि कोंबडी धावत येऊन तो खाईपर्यंत हे चालू ठेवतो. पाहुण्यांना त्याचे फार कौतुक वाटते, आणि ते योग्यच आहे, परंतु यामागे त्याचा हिशेबही आहे. जो कोंबडा असे बोलावून घास देतो त्याच्याजवळ कोंबड्या अधिक राहतात आणि त्याला जोडीदार म्हणून पसंत करतात. कधी कधी समोर काहीही खाण्यासारखे नसताना तो ही हाक देतो, विशेषतः कोंबडी लांब असेल तेव्हा. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या अभ्यासात आणखी एक चातुर्य दिसले. मोठा कोंबडा जवळ लक्ष ठेवून असेल तर धाकटा कोंबडा उचल-टाक सगळी करतो, पण आवाज काढत नाही. हाक मोठ्याच्या कानावर जाईल, नुसते मान हलवणे कदाचित जाणार नाही. आत्याकडच्या धाकट्या कोंबड्याला मी कडब्याच्या गंजीआड हेच करताना पाहिले आहे, आणि तेव्हा मला त्या अभ्यासाची माहितीही नव्हती.

धोक्याच्या हाका दोन प्रकारच्या असतात. घार दिसली तर कोंबडा बारीक, लांबट शिळेसारखा आवाज काढतो, जो नेमका कुठून आला हे शिकाऱ्याला चटकन कळत नाही. कुत्रा किंवा मुंगूस दिसले तर मोठ्याने, तुटक ‘कट-कट-कटाक’ सुरू होते. १९९०च्या दशकात संशोधकांनी या हाका ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकवल्या. समोर कोणताही शिकारी नसताना पहिली हाक ऐकून कोंबड्या दबून आडोशाला गेल्या आणि वर पाहू लागल्या, दुसरी ऐकून त्या ताठ उभ्या राहून आजूबाजूला पाहू लागल्या. धोका आहे एवढेच त्या हाकेत नसून तो वरून आहे की खालून हेही त्यात असते. शिवाय जवळ कोंबडी असेल तर कोंबडा ही हाक अधिक देतो, एकटा असेल तर बहुधा गप्प लपतो.

आता बांगेविषयी. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. तिच्या जोडीला एक शास्त्रीय सत्यही आहे: कोंबडे झाकले तरी त्याचे आरवणेही वेळेवर होते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कोंबड्यांना दिवसरात्र एकाच मंद प्रकाशात ठेवले, तरीही ते आपल्या शरीरातल्या घड्याळानुसार, चोवीस तासांहून किंचित कमी अंतराने, पहाट होणार म्हणून आरवत राहिले. दोनच वर्षांनी त्यांनी दाखवले की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत सगळ्यांत आधी आरवण्याचा अधिकार मानक्रमात पहिल्या असलेल्याचा असतो, आणि बाकीचे त्याच्या मागून क्रमाने आरवतात. त्याला काढून घेतले तर दुसऱ्या क्रमांकाचा पहिला होतो. ‘पहिल्या कोंबड्याला उठणे’ असे आपण म्हणतो, तो पहिला कोंबडा खरोखरच पहिला असतो.

अंडे घालण्याचा समारंभ

एक अंडे तयार व्हायला कोंबडीच्या पोटात साधारण २४ ते २६ तास लागतात, आणि त्यांतले सुमारे वीस तास नुसते कवच चढण्यात जातात. त्यामुळे आज सकाळी आठला अंडे देणारी कोंबडी उद्या नऊच्या सुमारास आणि परवा आणखी उशिरा देते, आणि वेळ दुपारपलीकडे सरकली की एक दिवस खाडा करून पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. कवच बहुतांशी चुन्याचे असते, म्हणून अंड्यावरची कोंबडी जुन्या भिंतीचा चुना टोचत बसते.

आत्याने चार टोपल्यांत भुसा घालून ठेवला आहे, पण सगळ्यांना एकच टोपली हवी असते. तीत एक बसली की दोघी बाहेर कुरकुरत उभ्या राहतात, आणि कधी धीर सुटून तिच्या पाठीवरच जाऊन बसतात. जिथे आधीच अंडे आहे ती जागा सुरक्षित असणार, हा त्यामागचा अंदाज आहे. म्हणूनच जुन्या बायका टोपलीतली सगळी अंडी उचलत नाहीत, एक मागे ठेवतात. आम्ही एका मे महिन्यात ते विसरलो. तांबूस कोंबडीने जागा बदलली, आणि तीन आठवड्यांनी कडब्याची गंजी मोडताना आत एकोणीस अंडी सापडली, सगळी वाया गेलेली.

अंडे घातल्यावर ती जो गदारोळ करते त्याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. एका मताने, अंड्यासाठी कळपापासून दूर गेलेली कोंबडी या ओरडण्याने कोंबड्याला बोलावते आणि त्याच्या सोबतीने परत कळपात येते. रानकोंबड्यांतही असे दिसते. दुसऱ्या मताने, ती घरट्यापासून बाजूला येऊन ओरडते व शिकाऱ्याचे लक्ष अंड्यांवरून आपल्याकडे ओढते. मला स्वतःला पहिले मत पटते, कारण आत्याकडे गंजीमागून ओरड झाली की मोठा कोंबडा अंगणातून उत्तर देतो आणि बऱ्याचदा तिकडे चालू लागतो.

खुडूक

काही कोंबड्या एके दिवशी अंड्यांवरून उठायचेच नाकारतात. हात पुढे केला की पिसे फुलवून गुरगुरतात आणि जोरात टोचतात. ‘ती खुडूक झालीय, तिला हात लावू नका,’ असे आत्या सांगते. या अवस्थेमागे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक असते, म्हणजे रक्तातून शरीराला निरोप पोहोचवणारे रसायन. सस्तन प्राण्यांच्या मातेत दूध उतरण्याशी ज्याचा संबंध आहे, तेच हे. खुडूक कोंबडी दिवसातून थोडाच वेळ उठते, घाईने खाते, पाणी पिते आणि परत येते. ती अंडी चोचीने फिरवत राहते, आणि पोटाची पिसे गळून उघड्या पडलेल्या कातडीची ऊब त्यांना देते. एकवीस दिवस हे चालते. अंड्यांच्या जागी गोटा ठेवला तरी ती तेवढ्याच निष्ठेने उबवते.

शेवटच्या दिवशी कवचाच्या आतून पिले चिवचिवतात आणि कोंबडी बारीक आवाजात त्यांना उत्तर देते. मी कान टोपलीजवळ नेऊन हे ऐकले आहे. कवचात अजून भेगही गेली नव्हती, आणि आई व मूल बोलत होती. पिलू बाहेर आले की पहिले दोन दिवस खात नाही म्हणून घाबरून जाऊ नये. बलकाचा उरलेला भाग जन्माआधी त्याच्या पोटात ओढला गेलेला असतो, आणि तो त्याला तेवढे दिवस पुरतो.

जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या जातींतून माणसाने हे खुडूक होणे जवळजवळ काढून टाकले आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. म्हणून गिरिराज किंवा वनराजा अशा सुधारित जातींची अंडी गावरान कोंबडीखाली उबवायला ठेवतात. बदकाची अंडीही ती उबवते, जरी त्यांना अठ्ठावीस दिवस लागतात. मग ती पिले पाण्यात शिरतात आणि ती काठावरून जीव तोडून हाका मारत येरझाऱ्या घालते. हे दृश्य पाहून लोक हसतात. मला हसू येत नाही.

पण हे सारे आपण कल्पनेने लावत नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. कोंबडी ‘हट्ट’ करते, ‘ओशाळते’ असे शब्द मी वर वापरले, ते आपल्या भाषेतले आहेत. तिच्या मनात नेमके काय चालते हे त्यांतून सिद्ध होत नाही. पण ती काय करते आणि काय मिळवण्यासाठी कष्ट घेते, हे मोजता येते. हाका ध्वनिमुद्रित करून ऐकवणे, मंद प्रकाशात ठेवणे, आयते आणि कष्टाचे अन्न समोर मांडणे, हे सगळे कल्पनेला चाळणी लावण्याचेच मार्ग आहेत. शब्द काढून टाकले तरी वागणूक उरते.

गावरान अंडे अधिक सकस असते ना?

कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो, पौष्टिकपणावर नाही. बलकाचा गडद केशरी रंग खाण्यातल्या हिरव्या पाल्यातून आणि मक्यातून येतो, आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालूनही तो आणता येतो. मोकाट कोंबडी किडे आणि पाला खाते, त्यामुळे तिच्या अंड्यातल्या काही घटकांत फरक पडतो, पण तो तिला काय खायला मिळाले त्यावर ठरतो. केवळ रंग पाहून जास्त पैसे देऊ नयेत. कोंबडीला माती मिळावी म्हणून जास्त पैसे देणे हे वेगळे आणि माझ्या मते योग्य कारण आहे.

रोग आणि शिकारी यांचे काय?

मोकळेपणाची किंमत असते हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एका पावसाळ्यात मुंगसाने आठ दिवसांत पाच पिले नेली. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका गावात शिरली तर मोकाट कळप झपाट्याने रिकामे होतात, आणि लस हाच त्यावरचा भरवशाचा उपाय आहे. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली, तेव्हा तिथल्या कुक्कुटपालकांचे झालेले नुकसान अजून लोकांच्या स्मरणात आहे. मोकाट कोंबड्या रानपक्ष्यांच्या संपर्कात येतात, म्हणून साथीची बातमी येताच त्यांना आत कोंडणे आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने न शिवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे आवश्यक ठरते. पण दाटीवाटीच्या शेडमध्ये शिरलेला रोगही एका रात्रीत हजारो पक्ष्यांपर्यंत पोहोचतो. धोका दोन्हीकडे आहे, त्याचे रूप वेगळे आहे.

मग सगळ्याच कोंबड्या मोकाट का सोडत नाहीत?

साठ-सत्तर अंडी देणारी गावरान आणि तीनशे देणारी लेअर यांतला फरक किमतीत उतरतो, आणि स्वस्त अंडे हे अनेक घरांतले सर्वांत परवडणारे प्रथिन आहे. देशाची सारी गरज अंगणातून भागणार नाही. पण पिंजरा आणि अंगण या दोनच वाटा नाहीत. मोठ्या शेडमध्येही जमिनीवर भुसा, बसायला दांड्या, अंड्यासाठी आडोशाच्या पेट्या आणि धुळीसाठी कोरडा कोपरा देता येतो. वरच्या सगळ्या सवयींपैकी सर्वांत तीव्र दिसणाऱ्या गरजा याच आहेत: उकरणे, धुळीत लोळणे, अंड्याला आडोसा, आणि रात्री उंचावर बसणे.

उंचावर बसण्याचे राहिलेच. कोंबडीला दिवसा आपल्यापेक्षाही अधिक रंग दिसतात, पण अंधारात तिला फारसे दिसत नाही. म्हणून संध्याकाळ कलली की कोणी न हाकता सगळ्या परततात. आत्याकडे खुराड्याचे दार उघडे असते, आत दांड्याही आहेत. तरी दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, रोज शेवग्यावर चढतात, वरच्या फांदीसाठी थोडा वेळ भांडतात, आणि अंधार पुरता पडल्यावर आत्या स्टुलावर उभी राहून त्यांना एकेक करून काढते, आणि त्या अजिबात न फडफडता तिच्या काखेत बसून खुराड्यात जातात.